मुलांना सेटवर पाठवण्याआधी सारा पॉलीची गोष्ट ऐका : टोरांटो परिसरातल्या मराठी आईबाबांना खुलं पत्र

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मार्कम, ओकव्हिल आणि आसपासच्या सर्व मराठी आईबाबांना सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून एक नवी धावपळ सुरू झाली आहे. मिसिसागाची तमिळ मुलगी मैत्रेयी रामकृष्णन 2019 मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. जवळपास 15,000 मुलींतून तिची 'नेव्हर हॅव आय एव्हर' या मालिकेसाठी निवड झाली आणि आपल्या सगळ्यांच्या मनात एक दार उघडलं. सावळ्या रंगाची, आपल्यासारख्या आडनावाची, आपल्यासारख्या घरातली मुलं आता इथल्या पडद्यावर हवी आहेत, हे खरंच आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. मी इथल्या मराठी शाळेत मुलांची नाटकं बसवते. गणपतीत ज्यांच्या तोंडून मी दोन वाक्यं म्हणवून घेतली, त्यांतल्या काही मुलांना आता एजंट आहेत. आठवड्याला सेल्फ-टेप, म्हणजे घरीच चित्रित केलेल्या ऑडिशन, जातात, कुणाला जाहिरात मिळते, कुणाला मालिकेतली छोटी भूमिका. तालमीनंतर तुम्ही मला विचारता की एजंट कुठला चांगला, फोटो कुठे काढावेत, उच्चार कसे सुधारावेत.

या प्रश्नांची उत्तरं मी देत आले आहे. पण त्यांच्याआधी विचारायला हवा असा एक प्रश्न तुमच्यापैकी फारच थोड्या जणांनी विचारला. सेटवर माझ्या मुलाला नको वाटेल तेव्हा त्याच्या वतीने 'नाही' कोण म्हणेल? या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे. आणि त्यासाठी तुम्हाला याच शहरात वाढलेल्या एका अभिनेत्रीची गोष्ट सांगायची आहे.

सारा पॉली हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी 2023 च्या मार्चमध्ये ऐकलं असेल. 'विमेन टॉकिंग' या चित्रपटाच्या पटकथेसाठी तिला ऑस्कर मिळालं. ज्यांची मुलं इथे लहानाची मोठी झाली त्यांनी तिला त्याआधी टीव्हीवर पाहिलं असेल, 'रोड टू ॲव्हनली' या मालिकेतली सारा स्टॅन्ली म्हणून. सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीवर सात हंगाम, 91 भाग. कॅनडाच्या घराघरांत ती मुलगी सगळ्यांची लाडकी होती. त्या मालिकेचं बरंचसं चित्रीकरण अक्सब्रिजजवळ झालं. तिथून थोड्याच अंतरावरच्या लीस्कडेल गावात, ज्यांच्या कथांवर ती मालिका बेतली होती त्या ल्यूसी मॉड मॉन्टगोमेरी पंधरा वर्षं राहिल्या. उन्हाळ्यात तुमच्यापैकी काही जण ते घर पाहायला जातात, हे मला ठाऊक आहे.

साराचा जन्म 8 जानेवारी 1979 चा, टोरांटोतला. आई डायान अभिनेत्री होती आणि कलाकार निवडण्याचं कामही करायची. वडील मायकल इंग्लंडहून आलेले, तेही एकेकाळी नट. म्हणजे घर या धंद्याला अनोळखी नव्हतं. आपल्यापैकी बहुतेकांना इथे कॉल शीट (कुणी किती वाजता कुठे यायचं याचा रोजचा कागद) म्हणजे काय हे पहिल्या दिवशी सेटवर कळतं, पण या आईबापांना सगळं माहीत होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं माहिती असलेल्या घरात घडलं.

सहाव्या वर्षी ती डिस्नेच्या 'वन मॅजिक ख्रिसमस' या चित्रपटात दिसली. मग 'रमोना' ही मालिका. आणि आठ-नऊ वर्षांची असताना टेरी गिलियम यांच्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ बॅरन मुनचाउझन' या चित्रपटासाठी तिला रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत आणि स्पेनमध्ये नेलं गेलं. गिलियम हे मॉन्टी पायथन या विनोदी मंडळींपैकी एक. साराच्या घरात मॉन्टी पायथनची भक्ती होती. अशा माणसाने आपल्या मुलीला निवडलं, याचा आईवडिलांना किती अभिमान वाटला असेल, हे सांगायला नको.

त्या चित्रीकरणाची आठवण तिने पुढे स्वतःच लिहिली. स्फोटांच्या मधून धावायचं दृश्य. अगदी जवळ फुटलेलं स्फोटक. थंडगार पाण्यात तासन्‌तास थांबणं. भीतीने रडणारं मूल आणि आजूबाजूला शेकडो मोठी माणसं. चित्रपटाचा खर्च हाताबाहेर चालला होता, वेळापत्रक कोलमडलं होतं, सगळे थकलेले. त्या गर्दीत ती एकटीच मूल होती असं नाही, पण सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर असलेली मुलगी तीच. तो चित्रपट आजही सुंदर दिसतो. मुलांना तो दाखवू नका असं मी म्हणत नाही. पण त्या मुलीचा चेहरा पाहताना मला आता तो केवळ अभिनय वाटत नाही.

2005 च्या सुमारास गिलियम इथेच कॅनडात, सस्कॅचवानमध्ये, एका लहान मुलीला मुख्य भूमिकेत घेऊन दुसरा चित्रपट करत होते. सारा तेव्हा सव्वीस वर्षांची. तिने त्यांना पत्र लिहिलं. सुडाचं नव्हे. माझ्या बाबतीत काय झालं ते तुम्हाला सांगते, म्हणजे या नव्या मुलीच्या बाबतीत तुम्ही लक्ष ठेवाल, असा त्याचा सूर होता. गिलियम यांनी उत्तर दिलं. त्यांच्या मते गोष्टी धोकादायक वाटल्या तरी प्रत्यक्षात तेवढ्या नव्हत्या. हा पत्रव्यवहार टोरांटोच्या वर्तमानपत्रात छापूनही आला. पुढे 2022 मध्ये 'रन टुवर्ड्‌स द डेंजर' या पुस्तकात तिने त्या अनुभवावर एक मोठा निबंध लिहिला. तो निबंध या पत्रातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा महत्त्वाचा आहे. तो जमेल तर वाचा, आणि आईबाबा दोघांनी मिळून वाचा.

त्यात तिने दोन गोष्टी फार प्रामाणिकपणे मांडल्या आहेत. पहिली, 'प्रतिभावंत आहेत, त्यांचं असंच असतं' असं म्हणून आपण मोठ्या कलावंतांच्या कितीतरी वागण्याकडे डोळेझाक करतो, आणि त्याची किंमत त्यांच्याभोवतीची सगळ्यात दुबळी माणसं मोजतात. दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. तिचे आईवडील तिथेच होते. प्रेमळ होते. त्यांनी चित्रीकरण थांबवलं नाही. त्या माणसासमोर, एवढ्या खर्चासमोर, एवढ्या युनिटसमोर 'आता पुरे, माझी मुलगी घाबरली आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही.

आपल्यातले किती जण ते वाक्य म्हणू शकतील? मी खूप विचार करून विचारते आहे. आपण मोठ्या माणसांपुढे नम्र राहायला शिकलेली माणसं. परदेशात आल्यावर ती नम्रता आणखी वाढते. संधी मिळाली याची कृतज्ञता असते, आपल्यामुळे पुढच्या देशी मुलाची संधी जाऊ नये ही काळजी असते, उच्चारांची लाज असते. सहायक दिग्दर्शक हातात वॉकी-टॉकी घेऊन 'अजून फक्त एक टेक' म्हणाला की आपण मान डोलावतो. त्या मान डोलावण्याचा अर्थ आपल्या मुलाला बरोब्बर कळतो. आईबाबांना हे हवं आहे, असा.

आता 'रोड टू ॲव्हनली'कडे येते. मालिकेचा पहिला भाग 7 जानेवारी 1990 ला दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी सारा अकरा वर्षांची झाली. 10 जानेवारीला तिची आई कर्करोगाने गेली. एका आठवड्याच्या आत हे सगळं. आणि मालिकेतली सारा स्टॅन्ली ही आई नसलेली मुलगी आहे. म्हणजे ज्या वर्षी तिला घरात आई नव्हती, त्याच वर्षी तिने आई नसलेल्या मुलीचं काम करायचं, प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणायचं, आणि ते इतकं चांगलं करायचं की देशभरातल्या लोकांनी तिच्यावर माया करावी. हे सगळं करार, वेळापत्रक आणि युनिट यांच्या चौकटीत चालत राहिलं. घरी दुःखात बुडालेले वडील. लोकांना वाटायचं, मुलगी किती समजूतदार आहे! लहान वयात समजूतदारपणाची शाबासकी मिळणारं मूल पाहिलं की मला आता धडकी भरते.

त्याच काळात तिच्या पाठीचा कणा वाकडा होत असल्याचं निदान झालं. जुन्या काळच्या पोशाखांच्या आत ती आधारपट्टा घालायची. बाराव्या वर्षी आखाती युद्ध सुरू असताना वॉशिंग्टनमधल्या एका पुरस्कार सोहळ्याला ती शांतीचं चिन्ह लावून गेली. डिस्नेच्या माणसांनी ते काढायला सांगितलं. तिने नकार दिला. ही गोष्ट सांगताना लोक कौतुकाने हसतात, आणि मुलगी धीट होती हे खरंच. पण एका बारा वर्षांच्या मुलीला स्वतःचं मत राखण्यासाठी एका बलाढ्य मनोरंजन कंपनीच्या माणसांशी एकटीने बोलावं लागलं, याकडेही पाहा.

चौदा-पंधरा वर्षांची असताना ती घराबाहेर पडली. 1994 मध्ये तिने मालिकेतली नियमित भूमिका सोडली. त्याच वर्षी स्ट्रॅटफर्डच्या प्रसिद्ध नाट्यमहोत्सवात ॲलिसची मुख्य भूमिका तिच्याकडे आली. रंगमंचाची भीती इतकी बसली की दररोजचा प्रयोग असह्य होऊ लागला. ती त्या नाटकातून बाहेर पडली कशी, ठाऊक आहे? कण्याची शस्त्रक्रिया लांबणीवर होती, ती लवकर करून घेऊन. पंधरा वर्षांच्या मुलीला 'मला भीती वाटते, मला हे करायचं नाही' असं मोठ्या माणसांना सांगण्यापेक्षा पाठीची शस्त्रक्रिया सोपी वाटली.

हे वाक्य मी मराठी शाळेच्या पालकसभेतही म्हटलं होतं. तेव्हा एका बाबांनी विचारलं की शेवटी तिचं चांगलंच झालं ना, ऑस्कर मिळालं ना? त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे घाईत दिलं गेलं, म्हणून इथे सविस्तर देते.

हो, तिचं आयुष्य पुढे फार मोठं झालं. अ‍ॅटम इगोयान यांच्या 'एक्झॉटिका'त ती होती, आणि 1997 च्या 'द स्वीट हिअरआफ्टर'मध्ये तिने असं काम केलं की जगाने तिची दखल घेतली. गावातल्या शाळेच्या बसला अपघात होतो, मुलं दगावतात, वाचलेली एक मुलगी चाकाच्या खुर्चीवर बसून जे खरं-खोटं सांगते त्यावर सगळी कथा फिरते. त्या शांत चेहऱ्याच्या मुलीचं काम करताना सारा अठराच्या आसपास होती. हॉलिवूडने तिला उचलून धरायची तयारी केली होती. 'ऑलमोस्ट फेमस'मधली मोठी भूमिका तिच्याकडे आली होती. तिने ती सोडली, केट हडसनने केली आणि हडसनला ऑस्करचं नामांकन मिळालं. साराने त्याऐवजी कमी खर्चाचे, आपल्या मनासारखे चित्रपट निवडले. 'माय लाइफ विदाउट मी'साठी तिला कॅनडाचा जिनी पुरस्कार मिळाला. मध्येच 'डॉन ऑफ द डेड'सारखा भयपटही केला, टीव्हीवर 'जॉन ॲडम्स' या मालिकेत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुलीचं काम केलं. आणि सत्तावीस वर्षांची असताना ॲलिस मनरो यांच्या कथेवर 'अवे फ्रॉम हर' दिग्दर्शित केला. स्मृतिभ्रंशाने बायको दुरावत जाते आणि नवरा पाहत राहतो, ही म्हातारपणाची कथा त्या वयाच्या मुलीने इतकी समजून कशी केली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. पटकथेसाठी तेव्हाच तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. सतराव्या वर्षी तिने मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्याकडे 'एलियस ग्रेस' या कादंबरीचे हक्क मागितले होते. तेव्हा नकार आला. वीस वर्षांनी, 2017 मध्ये, त्याच कादंबरीची मालिका तिने लिहून पूर्ण केली.

2012 चा 'स्टोरीज वी टेल' मात्र थांबून पाहावा असा. आपल्या आईबद्दलच्या आठवणी घरातल्या प्रत्येकाला सांगायला लावून तिने तो माहितीपट केला. ज्यांनी तिला वाढवलं ते मायकल तिचे जन्मदाते नव्हते. चित्रपटनिर्माते हॅरी गल्किन होते, हे तिला मोठेपणी कळलं होतं. या शोधाची सनसनाटी करायला कितीतरी वाव होता. तिने मायकल यांनाच त्यांचा मजकूर लिहायला लावला आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसवून त्यांच्याच आवाजात वाचून घेतला. त्यात तिने कुणालाही खलनायक केलं नाही.

म्हणजे त्या बाबांचं म्हणणं खरं, ती मोठी झाली. पण तिच्या मोठेपणाचं श्रेय त्या स्फोटांना देऊ नका. पाण्यात पडलेलं एखादं मूल पोहत किनाऱ्याला लागलं म्हणून त्याला ढकलणारा हात शहाणा ठरत नाही. तिने जे सोसलं ते भरून काढण्यात तिची कितीतरी वर्षं गेली, आणि ती वर्षं ती स्वतःच्याच शब्दांत मोजते आहे. शिवाय जी मुलं किनाऱ्याला लागली नाहीत त्यांची पुस्तकं नाहीत, त्यांचे सत्कार नाहीत. त्यांची गोष्ट तुम्हाला कोण सांगणार?

आता तिच्या गोष्टीतला तो प्रसंग, ज्यासाठी खरं तर मी हे पत्र लिहायला बसले. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये हॉलिवूडचा बडा निर्माता हार्वी वाइनस्टीन याने अनेक स्त्रियांवर केलेले लैंगिक अत्याचार उघडकीला आले तेव्हा साराने न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक लेख लिहिला. ती एकोणीस वर्षांची असताना एका चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी फोटो काढले जात होते. मध्येच निरोप आला की वाइनस्टीनला तिला भेटायचं आहे. तिच्यासोबत प्रसिद्धीचं काम पाहणारी एक बाई होती. तिने साराला सांगितलं की मी तुझ्याबरोबर आत येणार आणि तुला सोडून बाहेर जाणार नाही. आणि ती गेली नाही. त्या खोलीत साराला जे ऐकावं लागलं ते वाईटच होतं, पण ती तिथून सुखरूप बाहेर आली.

त्या बाईने काही मोठं बंड केलं नाही. ती फक्त हटली नाही. रोमच्या सेटवर असं न हटणारं कुणी नव्हतं, या खोलीत होतं. मला सारा पॉलीच्या सगळ्या आयुष्यात याहून महत्त्वाचा धडा दिसत नाही. पुढे तिने स्वतः 'विमेन टॉकिंग' केला तेव्हा कामाचे दिवस लहान ठेवले, म्हणजे ज्यांना घरी मुलं आहेत त्यांना मुलांजवळ जाता यावं. विषय लैंगिक अत्याचाराचा होता, म्हणून सेटवर मानसोपचारतज्ज्ञ ठेवली. म्हणजे हा धंदा असाच चालतो, यात असंच सोसावं लागतं, हे कुणी तुम्हाला सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. त्याच धंद्यात, याच प्रांतात, वेगळ्या तऱ्हेने काम करून ऑस्कर मिळालेलं आहे.

कायद्याचं थोडं सांगते, कारण तो आपल्या बाजूने आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. सारा लहान होती तेव्हा ऑन्टारियोत बालकलाकारांसाठी वेगळा कायदा नव्हता. 2015 मध्ये झाला आणि 2016 च्या फेब्रुवारीत लागू झाला. त्यानुसार करार होण्याआधी मुलाला काय करायचं आहे, कुठे, किती वेळ, त्यात धोका कोणता, हे निर्मात्याने पालकांना सांगावं लागतं. सोळा वर्षांखालच्या मुलाबरोबर पालक किंवा पालकांनी नेमलेला मोठा माणूस असावा लागतो. शाळेच्या दिवशी काम असेल तर शिकवणीचा वेळ राखून ठेवावा लागतो. एका कामाचे 2,000 डॉलरपेक्षा जास्त मिळाले तर त्यातले 25 टक्के मुलाच्या नावे विश्वस्त खात्यात जातात. ते पैसे मुलाचे. गृहकर्जाच्या हप्त्याचे नाहीत आणि भावाच्या शिक्षणाचेही नाहीत.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला आपल्याला अवघड जातं, तरी बोलते. चार्ली चॅप्लिनबरोबर 1921 मध्ये 'द किड'मध्ये काम केलेला जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याने मिळवलेले लाखो डॉलर आई आणि सावत्र वडिलांनी संपवलेले होते. 1938 मध्ये तो कोर्टात गेला, हाती आले 1,26,000 डॉलर. त्याच्या प्रकरणामुळे कॅलिफोर्नियात 1939 मध्ये कायदा झाला आणि आपल्या इथल्या विश्वस्त खात्याची कल्पना त्याच वाटेने आली.

तुमच्यापैकी काही जण सुट्टीत मुलांना मुंबईला नेऊन मालिकांच्या ऑडिशन देता. तिथेही 2017 पासून नियम आहेत. मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मिळकतीतले किमान 20 टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावे लागतात. मालिकेचं युनिट रात्रीच्या शिफ्टला निघालं की हे सगळं कागदावर राहू शकतं. तिथेही विचारणारं माणूस लागतं.

म्हणून कायद्यापाशी थांबू नका. कायदा म्हणतो सोबत मोठा माणूस हवा. आपल्या घरात तो मोठा माणूस कोण असतो? आईबाबा दोघंही नोकरीला. मग सुपर व्हिसावर (आईवडील, आजी-आजोबांना मिळणाऱ्या लांब मुदतीच्या व्हिसावर) आलेल्या आजी जातात. हे मी अनेकदा पाहिलं आहे. पहाटे पाचला हॅमिल्टनच्या एखाद्या लोकेशनवर नातवाला घेऊन आलेल्या आजी, हातात पोळीभाजीचा डबा, दिवसभर एका तंबूत प्लास्टिकच्या खुर्चीवर. आजींची माया अपार असते. पण मुलाला तिसऱ्यांदा पावसात उभं केलं जातं तेव्हा कुणाकडे जायचं, काय म्हणायचं, सेटच्या आतपर्यंत मला येऊ द्या हे कसं ठणकावायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. भाषाही आड येते. सोबत मोठा माणूस आहे एवढीच नोंद कागदावर होते. आजींना या जागी बसवून आपण कामावर जाणं हे आजींवरही अन्यायाचं आहे.

मुलाला हे काम आवडतं, हट्ट त्याचाच आहे, असं तुम्ही म्हणाल. खरं असेल. मुलांना नाटक आवडतं. मला त्याहून आनंदाची गोष्ट नाही. पण आठ वर्षांच्या मुलाला काम आवडतं म्हणजे त्याला पहाटेचा कॉल, बारावा टेक आणि पडलेलं रेटिंग आवडतं असं नव्हे. 'तुला करायचंय ना?' असं तुम्ही सेटवर शंभर माणसांसमोर विचारलंत तर मूल हो म्हणणारच. घरी, करार होण्याआधी, आणि नाही म्हटलं तरी कुणी रागावणार नाही हे त्याला पटलेलं असताना विचारा. दर कामाच्या आधी पुन्हा विचारा. माझं स्वतःचं मत असं की दहा वर्षांखालच्या मुलांना लांबलचक मालिकेत अडकवूच नये. एखाद-दोन दिवसांचं काम असेल तर एक वेळ पाहावं. हे मत काहींना जाचक वाटेल. सारा पॉलीने मुलांच्या व्यावसायिक अभिनयाबद्दल जे लिहिलं-बोललं आहे ते वाचल्यावर मला ते सौम्य वाटतं.

करारावर सही करण्याआधी तुम्ही विचारायच्या काही गोष्टी आहेत. दृश्यात पाणी, आग, उंची, प्राणी, वाहन आहे का? मोठा आवाज आहे का? मुलाला रडायचं असेल तर ते रडणं कसं काढणार आहेत, त्याला काय सांगून? मी मुलाला दिसेन अशा जागी उभी राहू शकते का? मूल थांबूया म्हणालं तर कुणाला सांगायचं, त्या माणसाचं नाव काय? या प्रश्नांनी जो एजंट वैतागेल तो तुमच्या मुलाच्या उपयोगाचा नाही. चांगले निर्माते वैतागत नाहीत. इथे चांगले निर्माते पुष्कळ आहेत.

शेवटी एक ठोस विनंती. आपण आपल्यातल्या सात-आठ मोठ्या माणसांची एक यादी करू या. निवृत्त झालेले काका, घरून काम करणाऱ्या मावशी, शिफ्टमध्ये काम करणारे दादा, ज्यांना इंग्रजी बोलायची भीती नाही आणि कुणाला राग येईल याचीही नाही. ज्या घरातलं मूल सेटवर जाणार असेल आणि आईबाबांना सुट्टी मिळत नसेल, तिथे यांतलं एक जण रीतसर नेमणूक घेऊन जाईल. आजी आल्या तर आनंदच, त्यांच्या शेजारी बसू. जाणाऱ्या माणसाला कायद्याची माहिती, मुलाची ॲलर्जी, त्याच्या भीतीच्या गोष्टी आणि आईबाबांनी ठरवलेली मर्यादा लिहून दिलेली असेल. काम थांबवायचं की नाही हे त्या माणसाने तिथे ठरवायचं, आणि ठरवलं तर घरी कुणी त्याला बोल लावायचा नाही, हे आपण आधीच मान्य करायचं. यातून एखादी भूमिका जाईलही. जाऊ दे.

येत्या रविवारी शाळेत वर्ग सुटल्यावर अर्धा तास थांबा. ज्यांना यादीत यायचं आहे त्यांनी नाव, राहण्याचा भाग आणि मोकळे वार लिहून आणावेत. पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र लागेल, त्याचा अर्ज कसा करायचा ते मी दाखवेन. मी स्वतः मंगळवारी आणि गुरुवारी मोकळी असते आणि माझ्याकडे गाडी आहे. ज्यांची मुलं या महिन्यात कुठे कामाला जाणार आहेत त्यांनी रविवारपर्यंत थांबू नका, आधीच सांगा.

आपली,
मराठी शाळेतली नाटकवाली मावशी